हातचे दोन

डॉक्टरांनी फक्त मलाच आत बोलावलं, तेव्हा सदा हसला.

"जा, दादा. आता तोंडी परीक्षा हाय," तो म्हणाला. "लेखीत दहापैकी दहा घेतलंस. तोंडीत नापास हुऊ नगंस म्हंजे झालं."

त्याच्या नाकातोंडावर हिरवी पट्टी होती, त्यामुळे हसू फक्त डोळ्यांत दिसलं. मानेच्या दोन्ही बाजूंना लिंबाएवढ्या गाठी वर आल्या होत्या. त्या लपवायला त्यानं ऐन मे महिन्यात मफलर गुंडाळला होता. शेजारी त्याची बायको शालन मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि सदाच्या चार वर्षांच्या कागदांची फाईल. त्या फाईलला आता मुगाच्या डाळीचा वास येत असे, कारण तीच पिशवी ती बाजारालाही नेई.

आमच्याकडे धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराकडे बघून बोलत नाही. शालन लग्न होऊन आली तेव्हापासून मला जे सांगायचं ते भिंतीला सांगत असे. आताही ती समोरच्या भिंतीवरच्या तक्त्याकडे बघून म्हणाली, "सगळं नीट ऐकून यावं म्हणावं. मागच्या खेपेला ह्यांनी निम्मंच ऐकलं."

पुण्यातलं ते इस्पितळ मोठं होतं. आम्ही आमच्या गावाहून, तासगावच्या बाजूहून, रात्रभर प्रवास करून सकाळी सातला तिथं पोचलो होतो. मी चप्पल दाराबाहेर काढून आत गेलो. आत सगळे बूट घालून होते.

आधी थोडं मागचं सांगतो. सदा माझ्याहून एका वर्षानं लहान. चार वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात एका जातीच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या सापडल्या. रक्ताचा कर्करोगच, पण सावकाश चालणारा. दोनदा औषधोपचार झाले. पहिल्या वेळी दीड वर्ष बरं गेलं, दुसऱ्या वेळी आठ महिने. मग गाठी परत आल्या. डॉक्टर शिराळकरबाई म्हणाल्या, आता एकच रस्ता दिसतो. त्याची स्वतःची मज्जा औषधानं रिकामी करायची आणि तिथं दुसऱ्या माणसाच्या निरोगी पेशी घालायच्या. माणूस सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर उत्तम. सदाचा मुलगा अजित पुढे आला, पण त्याचं निम्मंच जुळलं, आणि निम्म्यावर हे करायला तेव्हा त्या तयार नव्हत्या. आम्हाला तिसरं भावंड नाही. उरलो मी.

माझं जुळलं. दहापैकी दहा खुणा जुळल्या.

अडतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून मी मुलांना गुण दिले, पण स्वतःला मिळालेल्या गुणांनी इतका आनंद मला कधी झाला नव्हता. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. मी दोन किलो पेढे आणले आणि आमच्या आळीत वाटले, सोसायटीत वाटले, शेवटी शाळेत जाऊन चौथीच्या वर्गातही वाटले. मुलांनी विचारलं, गुरुजी कशाचे पेढे, तेव्हा मी फळ्यावर दोन माणसं काढून त्यांना मज्जा म्हणजे काय ते शिकवलं. एका मुलीनं विचारलं, "मग तुमची संपणार नाही का?" मी सांगितलं, विहिरीतून पाणी शेंदलं तरी झरा असतोच.

या आनंदाचं खरं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

गावाला माहीत होतं ते एवढंच, की आबांच्या दोन पोरांतल्या थोरल्याला शाळा जमली आणि धाकट्याला जमली नाही. मी मास्तर झालो. सदा आधी पानमळ्यात आणि पुढे द्राक्षं आल्यावर बागेत राबला. पाठीवर पंप घेऊन त्यानं पंधरा-वीस वर्षं औषध मारलं. आमच्याकडे फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. पिंपात ते काठीनं ढवळायचं, काठी सापडली नाही तर कोपरापर्यंत हातानं. वारा फिरला की तोंडावर यायचं. संध्याकाळी तो विहिरीवर अंघोळ करायचा तेव्हा पाण्याला साय यायची. दोनशे लिटरला कुठलं औषध किती ग्रॅम, हे त्याला तोंडपाठ होतं. पिंप वेगळं असलं तर तो उभ्या उभ्या हिशेब सांगायचा. चार बागाईतदार त्याला विचारायला येत. त्याला हा आजार झाल्यावर मी रात्रंदिवस त्या पंपाचाच विचार करत होतो.

डॉक्टरबाई चाळिशीच्या असतील. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पाणी दिलं तेव्हाच मला समजायला हवं होतं. निकाल वाईट असला की मीही पालकांना आधी पाणी देत असे.

"गुरुजी, तुमच्या तब्येतीची काही तक्रार?" त्यांनी विचारलं.

काही नाही, म्हटलं. रोज पाच किलोमीटर चालतो. साखर नाही, दाब नाही.

"ताप वगैरे वारंवार? वजन कमी होणं?"

नाही.

त्यांनी एक कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर ठिपक्यांचे ढग होते. मग त्या हळूहळू सांगू लागल्या. हा आजार काही घराण्यांत चालतो, म्हणून देणारा रक्ताच्या नात्यातला असला की त्या एक जास्तीची तपासणी करतात. निरोगी माणसाच्या रक्तात या जातीच्या पेशी मिसळीच्या असतात, प्रत्येक वेगळी. माझ्यातही तशा होत्या. पण त्यांत एक लहानसा गट असा होता, की त्यातली प्रत्येक पेशी हुबेहूब दुसरीसारखी. सगळ्या एकाच पेशीपासून निघालेल्या.

"म्हणजे नकला," मी म्हणालो.

"नकलाच."

मला एकदम वर्ग दिसला. साठ पाट्या तपासताना दहा पाट्यांवर एकच चुकीचं उत्तर आलं की मास्तरला कळतं. उत्तर बरोबर असेल तर काही कळत नाही, बरोबर उत्तर एकच असतं. चुका मात्र ज्याच्या त्याच्या असतात. चूक सारखी आली, की ती एकाकडून आलेली असते. मी बाईंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मीही विद्यार्थ्यांना आता असंच सांगेन." आणि मग म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या त्या गटावरच्या खुणा तुमच्या भावाच्या पेशींवर आहेत तशाच आहेत."

"म्हणजे मलाही तेच झालंय?"

"नाही. हा आजार नाही, आजाराच्या आधीची एक अवस्था आहे. साठीनंतर बऱ्याच लोकांत सापडते, पुरुषांत जरा जास्त. ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांच्यात आणखी जास्त. बहुतेकांना जन्मात काही होत नाही. तुमच्याइतक्या पेशी असतील, तर शंभरातल्या एखाद-दुसऱ्यालाच वर्षाकाठी पुढचा आजार होतो. आपण फक्त लक्ष ठेवायचं. सहा महिन्यांनी रक्त. ताप अंगावर काढायचा नाही, अशा लोकांना न्यूमोनिया लवकर गाठतो. लशी घ्यायच्या."

ही वाक्यं मला आज पाठ आहेत, कारण पुढे त्यांनी ती मला कागदावर लिहून दिली. त्या वेळी मी यातलं काही ऐकत नव्हतो. मला एकच विचारायचं होतं.

"मग सदाला कधी द्यायचं?"

बाईंनी कागद उलटा ठेवला.

"तुमच्या पेशी आपल्याला वापरता येणार नाहीत."

मी म्हणालो, दहापैकी दहा आहेत ना. त्या म्हणाल्या, आहेत. मी म्हणालो, तुम्हीच सांगता की हा आजार नाही. त्या म्हणाल्या, तुमच्यात नाही, कारण तुमचं शरीर तो गट ताब्यात ठेवून आहे. त्याच्या शरीराची सगळी राखण आपण आधी मोडणार आहोत. मी म्हणालो, मग तेवढ्या पेशी निवडून काढा, तांदळातले खडे काढतो तशा. त्या म्हणाल्या, खात्रीनं तशा निवडता येत नाहीत. मी म्हणालो, मग आधी मला औषध द्या, माझ्यातल्या मारा, मी सहा महिने थांबतो.

"गुरुजी," त्या म्हणाल्या, "त्यांच्याकडे सहा महिने नाहीत."

मुलाला एक वर्ष मागे ठेवू नका म्हणून कितीतरी पालक माझ्यासमोर असे बसले होते. कुणी रडायचे, कुणी भांडायचे, आणि मी नियम सांगायचो. नियम सांगणाऱ्याला दुसरं काही करता येत नाही, हे मला खुर्चीच्या या बाजूला बसल्यावर समजलं. मी शेवटचा प्रश्न विचारला. हे फवारणीनं होतं का?

"काही ठिकाणी तसा संबंध दिसलाय," त्या म्हणाल्या. "पण एका माणसाकडे बोट दाखवून, याला यामुळेच झालं, असं नाही सांगता येत. तुम्ही फवारणी करायचात?"

"नाही. मी शाळेत होतो."

"मग तुमच्या दोघांपुरतं बोलायचं तर घराण्यातलं काहीतरी असणार. कदाचित दोन्ही. मला खरंच सांगता येणार नाही."

जगातल्या दात्यांच्या यादीत त्या शोध घेणार होत्या, पण आपल्याकडच्या माणसांची नावं त्यात फार थोडी असतात, हेही त्यांनी लपवलं नाही. सदाला मी सांगते, असं त्या म्हणाल्या. मी म्हणालो, नको. भाऊ माझा आहे.

बाहेर आलो आणि सरळ त्या दोघांकडे न जाता उलट्या बाजूला वळलो. जिन्यात एक खिडकी होती, तिथं उभा राहिलो. खाली अंगणात कुणाची तरी दोन मुलं चाकांच्या खुर्चीवर चढउतर करत होती. काय सांगायचं याची मी तयारी केली. जुळलं नाही, म्हणता येत नव्हतं. गावानं पेढे खाल्ले होते. खरं सांगावं तर सदा स्वतःचं सोडून माझ्या काळजीत पडला असता. वर त्याच्या पोराचं काय, हा विचार त्याच्या डोक्यात आला असता. मी ठरवलं, हृदयाचं सांगायचं.

मी जाऊन सदाच्या शेजारी बसलो.

"हृदयात थोडा दोष निघाला," मी म्हणालो. "भूल सोसणार नाही म्हणतात."

शालननं पिशवीचे दोन्ही बंद एका हातात घेतली, मग पुन्हा दुसऱ्या हातात घेतली. मग ती तक्त्याला म्हणाली, "काल तर तीन जिने चढून आले."

मी खाली बघितलं.

"माणसाला ऐनवेळी भीती वाटती," ती तक्त्यालाच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "घरच्यांनी पण सांगितलं असंल. त्यांचंबी बरोबर हाय, त्यांनाबी संसार हाय. आमी काय कुणाला बोल लावणार न्हाई."

आदल्या आठवड्यात माझी बायको तिच्यासमोर म्हणाली होती, साठीच्या माणसाचं हाड पोखरून पुढे काय होईल कोण जाणे. ते शालननं मनात ठेवलं होतं. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की तसं नाही. पण खोटं मीच सांगितलं होतं आणि तिनं त्याचा सरळ अर्थ काढला होता.

"शालन," सदा म्हणाला, "जा, पानी भरून आन."

"बाटली भरल्याली हाय."

"मग वतून टाक आन् भरून आन."

ती गेली नाही. बाटली घेऊन दोन खुर्च्या सोडून बसली, तेवढंच.

सदानं पट्टी हनुवटीवर ओढली. "दादा, तुला खोटं बोलताना मी एकदाच बघितलंय," तो म्हणाला. "तवाबी तू असाच खाली बघत हुतास. खरं काय ते सांग."

मी सांगितलं. जसं बाईंनी मला सांगितलं तसं, नकला आणि पाट्यांसकट. त्याच्याच आजाराचं बी माझ्यात आहे. मी दिलं तर तेच परत त्याच्यात पेरल्यासारखं होईल. सांगताना मी शिकवत असल्यासारखा सांगत होतो, आवाजसुद्धा वर्गातला लागला होता, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगता आलं नसतं.

सदानं सगळं ऐकलं. मग त्यानं विचारलं, "तुला काय हुईल का?"

"बहुतेक नाही."

"मग बरं." त्यानं मफलर सैल केला. थोडा वेळ तो समोरून ढकलत नेलेल्या एका खाटेकडे बघत होता. मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय. तो हसत होता.

"म्हंजे याबी वेळंला दोघांची चूक सारखीच," तो म्हणाला. "आन् आता इनामदार मास्तर धरनार कुनाला? कुनी कुनाचं बघितलं?"

एकावन्न वर्षांत त्यानं हा विषय पहिल्यांदा काढला होता.

मी चौथीत होतो, सदा तिसरीत. एकशिक्षकी शाळा. चारही वर्ग एका खोलीत, आणि आम्ही भाऊ म्हणून एका बसकरपट्टीवर शेजारी बसायचो. आबांनी सांगून ठेवलं होतं, दोघांपैकी एकाला पुढं तासगावला आत्याकडे ठेवीन, दुसरा माझ्या हाताखाली येईल. ज्याचं डोकं चालतं तो शाळेत. कुणाचं चालतं ते मास्तर सांगतील. त्या वर्षी इनामदार मास्तरांनी चौथीला एक गणित घातलं आणि तिसरीतल्या पोरांनाही म्हणाले, करून बघा. हौदात चारशे घागरी पाणी आहे. रोज सतरा घागरी काढल्या, तर तेवीस दिवसांनी किती उरतील?

मला ते येत नव्हतं. मला त्या वर्षी कुठलंच गणित येत नव्हतं. सदाची पेन्सिल पाटीवर चालत होती. मी डोळा तिरका करून त्याचं सगळं उतरवलं. त्याचं उत्तर आलं एकोणतीस. गुणाकारात तो हातचे दोन मिळवायला विसरला होता. खरं उत्तर नऊ. तिसरीतलं पोर चौथीचं गणित करत होतं आणि एवढीच चूक.

मास्तरांनी दोन्ही पाट्या शेजारी ठेवल्या. "बरोबर आलं असतं तर मला कळलंही नसतं," ते म्हणाले. मग मला विचारलं, "कुणी कुणाचं बघितलं?"

मी खाली बघितलं. सदानं माझ्याकडे बघितलं. तो काही बोलला नाही आणि मीही बोललो नाही. चौथीतल्या पोरानं तिसरीतल्याचं बघितलं असेल, हे मास्तरांच्या मनात कशाला येईल? सदाच्या तळहातावर चार पट्ट्या बसल्या. संध्याकाळी मास्तर आबांना रस्त्यात भेटले, तेव्हा म्हणाले, धाकट्याला दुसऱ्याचं बघायची खोड आहे. थोरला गप्प असतो पण सरळ आहे.

जूनमध्ये मी तासगावला गेलो. सदानं पुन्हा पाटी हातात घेतली नाही.

मी अडतीस वर्षं मास्तरकी केली. दोन पाट्यांवर सारखी चूक दिसली की मी दोघांना जवळ बसवून तेच गणित पुन्हा तोंडी करायला लावायचो. कुणी कुणाचं बघितलं, हे मी एकाही मुलाला कधी विचारलं नाही. लोक म्हणत, गुरुजी फार मायाळू.

"कसली चूक?" शालन तिथून म्हणाली. तिनं या वेळी भिंत वगैरे काही शोधली नव्हती, ती सदाकडे बघत होती. "कोन मास्तर?"

सदानं माझ्याकडे बघितलं. अगदी तेव्हासारखंच, पाट्या शेजारी ठेवल्या होत्या तेव्हासारखं. तो थांबला होता. मला वाटतं, त्यानं मला चांगला मिनिटभर वेळ दिला. मी माझ्या तळव्यांकडे बघत होतो.

"काय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "आमच्या ल्हानपनीची गंमत हाय."

मग तो माझ्याकडे झुकला आणि हलकेच म्हणाला, "हे बघ. तू पंप उचलला न्हाईस, तरी तुला हे हायच. म्हंजे मी बागंत गेलो म्हनून मला झालं असं न्हाई. तू शाळंत आन् मी बागंत, त्याचा काय संबंध न्हाई. आता ते सोड."

डॉक्टर तसं म्हणाल्या नव्हत्या. सांगता येत नाही, म्हणाल्या होत्या. मला ते त्याला सांगायला हवं होतं. त्यानं मुद्दाम माझ्यासाठी ते तसं मांडलं, हेही मला कळत होतं. मी मान हलवली, एवढंच. मग शालननं भाकऱ्या सोडल्या आणि आम्ही तिघांनी त्या खुर्च्यांवर बसून जेवून घेतलं. सदानं अर्धी भाकरी खाल्ली.

दात्यांच्या यादीत कुणी सापडलं नाही. आश्विनात सदाला न्यूमोनिया झाला आणि तो सहा दिवसांत गेला.

याला आता तेरा वर्षं झाली. मी दर सहा महिन्यांनी रक्त तपासायला देतो. माझ्यातला तो गट तेवढाच्या तेवढा आहे, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. दोनदा कफानं छाती भरून आली, एकदा आठवडाभर इस्पितळात राहिलो आणि परत आलो. बाई दर वेळी म्हणतात, गुरुजी, शंभर वर्षं काढाल. अजितला मी तपासून घेतोस का म्हणून विचारलं होतं. तो म्हणाला, "काही निघालं तर करायचं काय?" मी बाईंना विचारलं, तर त्याही म्हणाल्या, त्रास नसेल तर उगाच कशाला तपासायचं. तो अजून फवारणी करतो. आता ट्रॅक्टरवर बसून करतो आणि तोंडाला मुखवटा लावतो.

पुण्याहून परत आल्यावर सदानंच शालनला माझ्या रक्ताचं सगळं नीट समजावलं होतं. त्या दिवशी मला बोलली म्हणून ती फार दिवस खजील होती. तेव्हापासून ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, की ह्यांचे थोरले भाऊ द्यायला तयार होते, हाडातलं काढून द्यायला. देवानं त्यांच्यातच खोट ठेवली, त्याला कोण काय करणार. ती हे सांगते तेव्हा मी तिथंच बसलेलो असतो.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. अजितची मुलगी रेवती, जिला सदानं पाहिलं नाही, माझ्याकडे रोज संध्याकाळी अभ्यासाला येते. चौथीत आहे. त्या दिवशी मी गणित सांगून संपायच्या आत तिनं उत्तर सांगितलं. मी म्हटलं, करून दाखव. ती म्हणाली, करायचं काय त्यात, दिसतंय की.

शालन उंबऱ्यात शेंगा फोडत बसली होती. कौतुकानं ती दाराच्या चौकटीला म्हणाली, "गनितात आपल्या थोरल्या आज्यावर गेलीया पोरगी. तिच्या आज्याला औषधाचा हिशेब यायचा तेवढा. शाळंचं डोस्कं गुरुजींचं."

मी ते वाक्य पूर्वीही ऐकलं होतं. त्या दिवशी काय झालं सांगता येत नाही. मोठ्या माणसांना सांगायचं ते मला कधी जमलं नाही. लहान मुलांना समजावणं तेवढं जमत आलं. मी रेवतीची पाटी ओढून घेतली आणि तिला म्हटलं, हे बघ. हौदात चारशे घागरी पाणी आहे. रोज सतरा काढल्या. तेवीस दिवसांनी किती उरतील? मी तिच्यासमोर पायरी पायरी करत गेलो आणि शेवटी लिहिलं, एकोणतीस.

"आजोबा, चुकलं," ती लगेच म्हणाली. "हातचे दोन राहिले."

"हो. राहिले."

"तुम्ही पण विसरता?"

"ही चूक माझी नाही," मी म्हणालो. "ही तुझ्या आजोबांची आहे. सदाची. तो तिसरीत होता आणि हे गणित चौथीचं होतं. मला ते येतच नव्हतं. मी त्याचं बघून लिहिलं. मास्तरांना वाटलं त्यानं माझं बघितलं. आणि मी बोललो नाही."

शेंगा फोडल्याचा आवाज थांबला होता.

रेवती पाटीकडे बघत राहिली. तिनं ओल्या बोटानं नीट बघून फक्त चुकलेला आकडा पुसला आणि तिथं हातचे दोन मिळवले. खाली नऊ लिहिले.

"मग आजोबांना कुणी सांगितलं, हातचे राहिले म्हणून?"

"कुणीच नाही," मी म्हणालो. "त्याला परत शाळेत पाठवलंच नाही."

मी मान वर केली. शालन हातातली शेंग तशीच धरून बसली होती. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच ती भिंतीकडे किंवा चौकटीकडे न बघता सरळ माझ्याकडे बघत होती.